पेतायावेसीचे जुने चर्च कोणी राखले?

प्रश्न असा आला आहे: "मी वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी फिनलंडमधले पेतायावेसी गावचे जुने लाकडी चर्च घेतले आहे. १७६३ ते १७६५ या काळात बांधले आणि १९९४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, एवढे सगळीकडे मिळते. पण मागे राजाश्रय नाही, नावाजलेला वास्तुशिल्पी नाही, खेड्यातले लुथरन पंथाचे साधे चर्च. त्याचा इतिहास लिहायचा म्हणजे नेमके काय लिहायचे? आणि जगाने जपावे असे त्यात काय आहे?"

लाकडी इमारतींच्या दुरुस्तीत माझी अठ्ठावीस वर्षे गेली. त्यातली बहुतेक वाड्यांच्या तुळयांखाली आणि कोकणातल्या देवळांच्या लाकडी मंडपांत. पेतायावेसीला मी दोनदा जाऊन आले आहे, तेव्हा जमेल तेवढे मोकळेपणाने लिहिते.

आधी एक गोष्ट सांगते, कारण प्रबंधाची दिशा तिच्यावर ठरेल. १७६५ आणि १९९४ या दोन तारखा तुम्हाला मिळाल्या आहेत. मला विचाराल तर या इमारतीच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा काळ १८७९ ते १९२९ हा आहे. त्या पन्नास वर्षांत या चर्चकडे कोणी वळून पाहिले नाही, आणि ते आपल्याला जसेच्या तसे मिळाले ते त्यामुळेच. हे का म्हणते ते पुढे येईल. त्याआधी गाव समजून घ्यायला हवे.

पेतायावेसी मध्य फिनलंडमध्ये आहे, युवास्क्युला शहराच्या पश्चिमेला साधारण पस्तीस किलोमीटरवर. नावाची फोड सोपी आहे: 'पेताया' म्हणजे पाइनचे झाड आणि 'वेसी' म्हणजे पाणी. गावात पाहायला जे आहे ते सगळे या दोन शब्दांत आले. चर्च उभे आहे ती जागा म्हणजे दोन तळी जिथे एकमेकांना भेटतात तिथे पाण्यात शिरलेली जमिनीची जीभ. आज तिथे रस्त्याने जाता येते, म्हणून नकाशा पाहताना ही जागा आडबाजूची वाटते. अठराव्या शतकात तीच सगळ्यांच्या सोयीची होती, कारण त्या मुलुखात पाणी हाच रस्ता होता. उन्हाळ्यात होडीने यायचे, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून घसरगाडीने. तळ्यांच्या मुलुखात अनेक गावांमध्ये वस्त्यांच्या मालकीच्या लांबच लांब होड्या असत. दोन्ही बाजूंना वल्ही मारणारी माणसे बसायची, रविवारी अख्खी वस्ती एकाच होडीतून चर्चला यायची. तिथे त्यांना चर्चच्या होड्या असेच म्हणतात. म्हणून जागेचा नकाशा काढाल तेव्हा तो पाण्याच्या बाजूने काढा. होडीतून येणाऱ्या माणसाला छपराचे उंच पाखे आणि घंटेचा मनोरा आधी दिसतो, मग चर्च.

हा मुलुख तेव्हा स्वीडनच्या राजाचा होता. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनचा भाग होता, त्यानंतर रशियाच्या झारच्या ताब्यात गेला. स्वीडनच्या राजाने सोळाव्या शतकात पोपची सत्ता झुगारून मार्टिन लुथरचा मार्ग धरला, आणि त्याबरोबर फिनलंडही लुथरन झाले. मिकाएल आग्रिकोला या पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, १५४३ च्या सुमारास फिनिश भाषेतली पहिली बाराखडी छापली आणि १५४८ मध्ये बायबलचा नवा करार फिनिशमध्ये आणला. धर्म लोकांना त्यांच्या भाषेत कळला पाहिजे, हा आग्रह लुथरन मंडळींच्या मुळाशी आहे. मराठी वाचकाला हा पंथ तसा परका नाही. तंजावरचे सरफोजीराजे भोसले ज्यांच्या हाताखाली शिकले ते श्वार्ट्झ लुथरन मिशनरीच होते. त्यांच्या निधनानंतर सरफोजीराजांनी तंजावरच्या चर्चमध्ये बसवलेले संगमरवरी स्मारकशिल्प आजही तिथे आहे. पेतायावेसीत ओंडक्यावर ओंडका चढत होता त्या वर्षांत हे श्वार्ट्झ तमिळ मुलुखात काम करत होते.

काळाचा अंदाज यावा म्हणून आणखी एक खूण सांगते. पेतायावेसीत काम सुरू झाले ते १७६३ साल म्हणजे पानिपतानंतरचे दुसरे वर्ष. राक्षसभुवनची लढाई झाली ते हेच साल.

पेतायावेसीची वस्ती तेव्हा याम्सा या मोठ्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या मुलुखात, मोडत होती. याम्साचे चर्च चाळीसेक किलोमीटर दूर. बाप्तिस्म्याला, लग्नाला, माती द्यायला, प्रभुभोजनाला एवढे अंतर कापायचे, तेही त्या थंडीत. गावाला आपले चर्च हवे होते ते या रोजच्या अडचणीपोटी. 'भक्तीच्या उत्कटतेतून उभारलेले मंदिर' अशी वाक्ये प्रबंधात घालू नका. भक्ती होतीच. पण तान्ह्या मुलाला कडाक्याच्या थंडीत चाळीस किलोमीटर न्यायचे की नाही, हा प्रश्नही होता. अशा गावांत चर्च बांधणे हा सरकारी उपक्रम नसून गावकीचे काम असे. घराने आपल्या जमिनीच्या हिश्शाप्रमाणे ओंडके द्यायचे, माणसे द्यायची, जेवणखाण द्यायचे. सुतार तेवढा मजुरीवर आणायचा.

तो सुतार म्हणजे याक्को क्लेमेतिनपोइका लेप्पानेन. मधल्या शब्दाचा अर्थ 'क्लेमेत्तीचा मुलगा'. आपण मधे वडिलांचे नाव लावतो तसेच. तुम्ही विचारता की नावाजलेला वास्तुशिल्पी नाही. बरोबर, पण बांधणाऱ्याचे नाव आपल्याला माहीत आहे, आणि हे भाग्य फार थोड्या लाकडी इमारतींना लाभते. कोकणात मी ज्या मंडपांची दुरुस्ती केली त्यांतल्या एकाच्याही मूळ सुताराचे नाव मला शोधून सापडले नाही. पैसे देणाऱ्या सावकाराचे नाव मात्र तुळईवर कोरलेले असते.

आता इमारतीकडे या. आराखडा अधिक चिन्हासारखा आहे, चारही भुजा सारख्या. मध्यभागी अष्टकोनी घुमट आणि चारही भुजांवर अर्धगोल लाकडी छत. ही कल्पना गावची नाही. मध्यबिंदूभोवती रचलेले देऊळ हा युरोपातल्या प्रबोधनकाळाचा आवडता विचार. तो स्टॉकहोमच्या सतराव्या शतकातल्या काटारिना चर्चसारख्या इमारतींमधून उत्तरेत उतरला आणि मग खेड्यापाड्यांत पोचला. शेजारच्या केउरू गावात आंत्ती हाकोला या सुताराने १७५० च्या दशकाच्या शेवटी असेच क्रूसाच्या आकाराचे लाकडी चर्च बांधले होते. म्हणजे लेप्पानेनच्या डोळ्यांसमोर नमुना होता. दगडी चर्चमधल्या कमानीही त्याच्या कानावर, कदाचित डोळ्यांवर आल्या असतील. जागतिक वारसा यादीत या चर्चचे वर्णन करताना नेमके हेच म्हटले आहे: प्रबोधनकाळाचा मध्यवर्ती आराखडा आणि त्याहून जुनी गॉथिक कमानीची रूपे इथे ओंडक्यांच्या बांधणीत एकत्र आली आहेत.

पण सुताराला हा आराखडा का पटला असेल, याचे उत्तर मला पुस्तकांपेक्षा लाकडात जास्त मिळते. ओंडक्यांच्या भिंतीला लांबीची मर्यादा असते. पाइनचे झाड सरळ आणि सारख्या जाडीचे जेवढे मिळेल तेवढीच भिंत. त्यापुढे जोड द्यावा लागतो, आणि लांब सरळ भिंतीत जोड दिला की ती पोट काढते. कोपरा मात्र भिंतीला धरून ठेवतो. क्रूसाच्या आकारात बारा कोपरे मिळतात. प्रत्येक कोपऱ्यात ओंडके एकमेकांवर खाच पाडून बसवलेले, त्यामुळे भिंतीच एकमेकींना आधार देतात. लहान ओंडक्यांतून मोठी जागा उभी राहते. शिवाय लुथरन उपासनेत प्रवचन मध्यवर्ती. पुलपीट, म्हणजे पाळक उभा राहून प्रवचन देतो तो उंच मंच, दोन भुजा मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात ठेवले की चारही बाजूंच्या लोकांपर्यंत आवाज पोचतो. धर्माची गरज आणि लाकडाची गरज इथे एकाच आराखड्यात भागली. प्रबंधात याच्यावर एक अख्खे प्रकरण करा. बारा कोपऱ्यांचे स्वतंत्र रेखाटन करा. मार्गदर्शक म्हणतील एवढे नको, तरीही करा.

घुमटाबद्दल एक गैरसमज विद्यार्थ्यांमध्ये हमखास दिसतो, तो आधीच दूर करते. दगडी कमानीत प्रत्येक दगड शेजारच्यावर भार टाकतो आणि कमान स्वतःच्या वजनाने उभी राहते. इथली लाकडी कमान तशी काम करत नाही. ती वरच्या छपराच्या सांगाड्याच्या आधाराने राहते आणि खालून फळ्या मारल्या की कमान दिसते. लेप्पानेनने दगडाचे रूप घेतले आणि ते उभे केले लाकडाच्या रीतीने. काही जण याला नक्कल म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्या गावाला मोठ्या शहरातल्या चर्चसारखी उंची हवी, आणि हातात आहे ती कुऱ्हाड, ओळंबा आणि पाइन, एवढ्यावर त्याने काढलेला तो मार्ग आहे. त्या घुमटाखाली उभे राहिलात की तुम्हालाही पटेल.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती रंगाची अनुपस्थिती. भिंतींना गिलावा नाही, रंग नाही. अडीचशे वर्षांत पाइनचे लाकूड मधासारखे तांबूस-तपकिरी झाले आहे. कमानींवर आणि घुमटावर लाल मातीच्या रंगात साधी नक्षी आहे, बाकी सगळे उघडे लाकूड. माझ्या पहिल्या भेटीत मी भिंतीला हात लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चालत गेले. डोळ्यांना सपाट दिसणारी भिंत बोटांना लहरी लागते. कुऱ्हाडीने ओंडक्याची बाजू सपाट केली की प्रत्येक घावाचे एक उथळ पन्हाळ राहते, तळहाताएवढे. त्या पन्हाळांचा कल पाहिला की ओंडका तासताना माणूस कोणत्या बाजूला उभा होता ते कळते. एका ओंडक्यावर घाव उजवीकडून आलेले, वरच्यावर डावीकडून. म्हणजे माणूस तरी बदलला किंवा ओंडका तरी फिरवला. अशा खुणा कुठल्याही दप्तरात नोंदलेल्या नसतात. इतिहास काय लिहू, असे तुम्ही विचारता. हेही लिहा. खिडकीतून तिरपे ऊन येते तेव्हा या खुणा छायाचित्रात चांगल्या उठतात, म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा जा.

जमिनीच्या फळ्या रुंद आहेत आणि लहरी. सपाट फरशीची सवय असलेल्या पायाला पहिली दोन-चार पावले चुकल्यासारखी वाटतात. पायाखालची ही चढउतार कोणी रंध्याने घालवली नाही, हे या इमारतीचे नशीब.

आणि पुलपीट. ते पाहायला थोडा जास्त वेळ ठेवा. त्याच्यावर देवदूत आहेत, शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणारे, आहेत, सगळे गावठी हाताने कोरलेले. प्रमाणे शास्त्रात बसणार नाहीत, चेहरे मोठे, डोळे सरळ समोर पाहणारे. पण खाली पाहा. पूर्ण पुलपीट एका माणसाने पेलले आहे. तो संत क्रिस्तोफर. ज्याने बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार केली अशी आख्यायिका आहे, तो. लुथरन पंथात संतांची पूजा नाही. त्यांना हाक मारायची नाही, नवस बोलायचा नाही. असे असूनही अठराव्या शतकातल्या एका लुथरन खेड्यात पाळकाच्या पायाखाली हा जुना कॅथलिक काळातला संत उभा आहे. का, याचे लेखी उत्तर नाही. माझा तर्क असा की जिथे लोक होडीने चर्चला येतात तिथे पाण्यातून माणसाला सुखरूप पलीकडे नेणारा संत विसरला जात नाही. हा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्या. पण पंथ बदलला म्हणून गावाची स्मृती एका रात्रीत बदलत नाही, याचा एवढा ठोस पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

बांधकामाची तारीख का महत्त्वाची, हेही सांगते. १७७६ मध्ये राजा तिसरा गुस्ताव याने फर्मान काढले की सार्वजनिक इमारतींचे, चर्चचेसुद्धा, नकाशे स्टॉकहोमच्या कार्यालयातून तपासून आले पाहिजेत. त्यानंतर राजधानीतल्या वास्तुशिल्प्यांची छाप खेड्यातल्या चर्चवर पडू लागली, नकाशे सरळ रेषेत आले, सुताराच्या मनाला येणाऱ्या गोष्टी कमी झाल्या. पेतायावेसी याच्या अकरा वर्षे आधी पूर्ण झाले. गावचा सुतार स्वतःच्या डोक्याने चर्च बांधू शकत होता त्या काळाचा हा शेवटचा टप्पा होता. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

याक्कोनंतर साठेक वर्षांनी त्याचा नातू एर्क्की लेप्पानेन याने १८२१ मध्ये चर्चला लागून घंटेचा मनोरा बांधला. खिडक्या मोठ्या करण्याचे कामही त्याचेच. आजोबांच्या इमारतीला नातवाने हात लावला. मनोरा आणि चर्च यांच्यामध्ये दोघांना जोडणारा मार्ग आहे. तिथे उभे राहून आजोबांच्या भिंतीवरून नातवाच्या भिंतीकडे पाहा, मग पुन्हा मागे. दोन पिढ्यांचे काम असे शेजारी शेजारी, एकाच घराण्याचे म्हणून नावानिशी ओळखता येते, हे मला तिथे फार मोठे वाटले.

आता दप्तरांबद्दल, कारण इतिहास लिहायचा तर साधने लागतात. स्वीडनचा १६८६ चा चर्च कायदा हा तुमच्यासाठी खजिना आहे. त्या कायद्याने पाळकावर जबाबदारी टाकली की पॅरिशमधले जन्म, लग्ने, मृत्यू, आलेली-गेलेली माणसे यांची नोंद ठेवायची, आणि प्रत्येकाला लुथरच्या धर्मतत्त्वांच्या प्रश्नोत्तरीचे ज्ञान आहे की नाही हे तपासायचे. फिनलंडमध्ये या तपासणीला 'किंकेरित' म्हणतात. पाळक वस्तीतल्या एखाद्या घरी यायचा, आसपासच्या घरांतली माणसे जमायची, आणि गडीमाणसांसकट प्रत्येकाला वाचून दाखवावे लागे. कोणाला वाचता येते, कोणाला प्रश्नोत्तरी पाठ आहे, याच्या खुणा वहीत नावापुढे व्हायच्या. ही परीक्षा न देता प्रभुभोजन मिळत नसे, आणि त्यावाचून लग्न अडायचे. ज्या काळात युरोपातल्या कित्येक खेड्यांत अक्षरओळख नव्हती त्या काळात इथल्या शेतकऱ्याच्या घरातली मोलकरीणसुद्धा छापील ओळ वाचायला शिकली, ती या सक्तीमुळे. लिहिणे मात्र पुष्कळांना येत नसे, कारण तपासणी वाचण्याची होती.

या वह्या फिनलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने मोठ्या प्रमाणावर छायाप्रती करून खुल्या केल्या आहेत. सुरुवातीला अक्षर लागणार नाही. जुनी वळणे आहेत आणि बऱ्याच नोंदी स्वीडिश भाषेत आहेत. पण वही रकान्यांची आहे, त्यामुळे मोडी वाचायला शिकताना जसे आधी तारीख आणि नाव ओळखतो तसेच इथे करा. एक घर निवडा, त्याच्या तीन पिढ्या काढा. त्या घरातली मुले कुठे बाप्तिस्म्याला गेली, चर्च झाल्यावर काय बदलले, हे दिसले की तुमचा इतिहास उभा राहतो.

एक काळ मात्र वाचताना जड जाईल. १८६० च्या दशकाच्या शेवटी फिनलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. थंडी उशिरापर्यंत राहिली, पिके गेली, १८६८ मध्ये तापाच्या साथींनी माणसे पटापट गेली. देशातल्या दर बारा-तेरा माणसांमागे एक माणूस त्यात गेले. पाइनच्या सालीखालचा कोवळा थर वाळवून, दळून, पिठात मिसळून भाकरी करायचे. गावाच्या नावातला पाइन. त्या काळातली मृत्यूंची नोंदवही कुठल्याही पॅरिशची उघडा, पाने पाहवत नाहीत. पण ती वगळू नका.

आता १८७९. त्या वर्षी पाण्याच्या पलीकडे गावाचे नवे चर्च उभे राहिले आणि जुन्या चर्चमधली उपासना थांबली. तिथे कुलूप लागले म्हणा ना. मनोऱ्यातली घंटा मात्र चालू राहिली आणि भोवतीच्या दफनभूमीत माती देणेही चालू राहिले. यावर थोडे थांबा. इमारत वापरातून गेली, पण जागा गेली नाही. घंटा वाजवायला माणूस येत होता. वडिलांच्या, आजीच्या थडग्यावर फुले ठेवायला माणसे येत होती. कोणी येतच नसते तर गळक्या छपराचे दोन हिवाळे पुरेसे होते.

याच काळात इतर गावांत काय चालले होते ते पाहा, म्हणजे या पन्नास वर्षांची किंमत कळेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिनलंडमधल्या पुष्कळ जुन्या लाकडी चर्चना 'सुधारले'. बाहेरून ओंडक्यांवर फळ्या मारून रंग दिला, आतून पांढरा किंवा फिकट रंग, मोठ्या खिडक्या, नवी बाके, शेगड्या. करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, लोकांना ऊब हवी होती. पण शेगडी आली की लाकडाचा श्वास बिघडतो. बाहेर उणे वीस आणि आत उबदार, मग भिंतीच्या आत पाणी धरते आणि तिथून कुजायला सुरुवात होते. एर्क्कीने आधीच मोठ्या केलेल्या खिडक्या सोडल्या तर पेतायावेसीत यातले काहीच झाले नाही. पैसा आणि उत्साह दोन्ही पलीकडच्या नव्या चर्चकडे गेले होते. जुन्याला ना रंग मिळाला, ना फळ्या, ना शेगडी. आजही ते गरम केले जात नाही. म्हणून याक्कोच्या कुऱ्हाडीचे घाव तुमच्या बोटांना लागतात.

१९२० च्या दशकात योझेफ स्त्रझिगोव्स्की नावाचे ऑस्ट्रियाचे कला-इतिहासकार तिथे आले. ते व्हिएन्नात शिकवत आणि त्या वर्षांत फिनलंडमधल्या तुर्कू शहरातही अध्यापन करत होते. उत्तर युरोपातले लाकडी बांधकाम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. हे चर्च म्हणजे काय ठेवा आहे हे त्यांनी सांगितले आणि १९२९ पासून डागडुजी सुरू झाली. बाहेरच्या विद्वानाने येऊन सांगावे लागले, हे मला खटकते, पण नवीन वाटत नाही. आपल्याकडेही एखादा मंडप पाडून सिमेंटचा सभामंडप बांधायचे ठरते, तेव्हा गावाबाहेरचा कोणी येऊन थांबवतो. एका गावात असे थांबवायला मी पोचेपर्यंत खांब विकले गेले होते. त्यांतला एक पुढे शहरातल्या एका हॉटेलच्या दारात उभा दिसला. त्यानंतर मी पहिल्या फोनलाच निघते.

१९९४ ची नोंद तुमच्याकडे आहेच, त्यावर मी जास्त लिहीत नाही. चर्च आता मुख्यतः उन्हाळ्यात उघडते, उपासना होतात, लग्नेही लागतात. जागतिक वारसा झाले म्हणून ते संग्रहालयाच्या काचेआड गेलेले नाही, ही मला समाधानाची बाब वाटते.

धोका कोणता, असे तुम्ही विचारले नाही, पण प्रबंधात तो यायला हवा. आग. फिनलंडमधल्या जुन्या चर्चवर हे संकट सतत आहे. तिथे १९९७ मध्ये त्युर्वा इथले जुने चर्च जाळले गेले, दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. गावकऱ्यांनी छपरासाठी लाकडी कौले आपल्या हातांनी तासून ते पुन्हा उभे केले. २०१६ मध्ये ऐन ईस्टरच्या आदल्या दिवशी युलिविएस्का गावचे अठराव्या शतकातले लाकडी चर्च जळाले, २०१८ मध्ये कीहतेलिसवारा इथले. ओंडक्यांच्या भिंती जळाल्या की मागे काही उरत नाही. म्हणून मोजणीचे नकाशे, प्रत्येक सांध्याचे रेखाटन, छायाचित्रे यांना मी दुरुस्तीइतकेच महत्त्व देते. त्युर्वाला पुन्हा उभे करता आले ते जुन्या रीती येणारे हात आणि जुनी मापे, दोन्ही उपलब्ध होते म्हणून.

शेवटी कामाचे थोडे. तुम्ही प्रत्यक्ष जाणार असाल तर जून ते ऑगस्टमध्ये जा आणि आधी वेळ विचारून घ्या. मोजणीसाठी लेझरचे यंत्र न्या, पण सुतळी आणि ओळंबाही न्या, कारण यंत्र भिंत किती झुकली ते सांगेल, ओंडका कोणत्या बाजूने दबला ते ओळंबा धरल्यावर डोळ्यांना कळते. ओंडक्यांची नवी भिंत वाळताना उंचीत बसते, आणि बांधणाऱ्याला ते माहीत असते, म्हणून तो खिडकीच्या वर फट सोडतो. एर्क्कीने खिडक्या मोठ्या केल्या तेव्हा भिंती बसून पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. त्याने ती फट सोडली का, किती सोडली, हे पाहायला मी दुसऱ्यांदा गेले होते, पण त्या दिवशी आत लग्न होते. मी बाहेर दफनभूमीच्या कुंपणाशी थांबले आणि मनोऱ्यातली घंटा ऐकून परत आले. तुम्ही गेलात तर तेवढे माप माझ्यासाठी घ्या.